लोखंडाची गोधडी

उमापूर गेवराई तालुक्यात आहे, गेवराई आणि शेवगाव यांच्या मध्ये. नकाशावर या गावावर बोट ठेवून दोन बाजूंना पाहावं. वायव्येला पैठण ओलांडून पुढे गेलं की वाळूज लागतं. तिथे १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे छोटे-मोठे कारखाने आले, आणि आयटीआय करून फिटर, टर्नर, वेल्डर झालेल्या मराठवाड्यातल्या पोरांना घराजवळ पगार दिसू लागला. पश्चिमेला शेवगाववरून पुढे गेलं की नगर, आताचं अहिल्यानगर. तिथे व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची संस्था आहे. वाहनांची चाचणी घेऊन ती रस्त्यावर सोडण्याजोगी आहेत की नाहीत, हे ठरवण्याचा अधिकार असलेल्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ही एक.

म्हणजे एका बाजूला गाडी बनते आणि दुसऱ्या बाजूला गाडी तपासली जाते. मधल्या उमापुरात कुणी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भंगारातून मोटरसायकल उभी करायला घेतली, तर ही दोन्ही कामं त्याच्या एकट्याच्या अंगावर येतात. बनवण्याचा उत्साह सगळ्यांना असतो. तपासण्याचा कंटाळा येतो, कारण ज्याने रात्री जागून जोड मारला, त्यालाच सकाळी त्या जोडावर संशय घ्यायचा असतो. पुढे इंजिन, सांगाडा, साखळी, ब्रेक असं एकेक प्रकरण उघडत जाऊ, आणि प्रत्येक ठिकाणी विचारू की हे बरोबर झालं हे कळायचं कसं?

शेडमधून निघालेल्या गाड्या

मोटरसायकलचा जन्मच घरच्या शेडमधला. जर्मनीत कानश्टाट इथे गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी बंगल्याच्या बागेतल्या काचघरात आपला कारखाना थाटला होता. आतून दिवसरात्र ठोकाठोक ऐकू येई. मालक खोटी नाणी पाडतो, असा माळ्याला संशय आला आणि पोलीस येऊन पाहून गेले, अशी गोष्ट सांगतात. १८८५ साली तिथून जी गाडी बाहेर पडली तिचा सांगाडा लाकडाचा होता. इंजिन २६४ सीसीचं, आणि ताकद अर्ध्या अश्वशक्तीची. पुढे १९०३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात हार्ले आणि डेव्हिडसन यांनी सुरुवात केली ती दहा बाय पंधरा फुटांच्या लाकडी खोलीत. आपल्याकडचा गाईचा गोठा याहून मोठा असतो.

पण घरच्या शेडचा खरा मानकरी न्यूझीलंडचा बर्ट मन्रो. त्याच्याकडे १९२० सालची इंडियन स्काउट होती. ६०० सीसीची, कारखान्यातून निघाली तेव्हा ताशी नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर पळणारी. मन्रोने पिस्टन घरी ओतले, जुन्या ट्रॅक्टरच्या आसाचं लोखंड घासून कनेक्टिंग रॉड केले, आणि हे त्याने चाळीसहून अधिक वर्षं चालवलं. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिल इथल्या मिठाच्या मैदानावर त्याने ताशी १८४.०८७ मैलांचा, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटरचा विक्रम केला. या माणसाच्या शेडमध्ये एक फळी होती. फुटलेले पिस्टन, वाकलेले रॉड, जळालेले वॉल्व्ह त्याने फेकले नाहीत. देवापुढे वाहिल्यासारखे त्या फळीवर मांडून ठेवले. आपल्याला ती फळी विक्रमापेक्षा महत्त्वाची. काय मोडलं आणि कुठून मोडलं याची ती वही होती.

देवराष्ट्रेची किकवाली जीप

महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण दुचाकीचं नाही, पण दुचाकीच्या पोटातून निघालेलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार फॅब्रिकेशनचं काम करणारे. त्यांनी भंगारातून एक छोटी चारचाकी जीप बनवली. इंजिन दुचाकीचं, चाकं रिक्षाची. खर्च साधारण साठ हजार रुपये. गाडी सुरू करायला चावी फिरवायची नाही, दुचाकीसारखी किक मारायची.

डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रा यांनी पाहिला. त्यांनी लोहारांच्या कल्पकतेचं जाहीर कौतुक केलं, आणि त्याच दमात हेही सांगितलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. म्हणून त्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांच्या घरासमोर आली आणि भंगारातली जीप महिंद्रांच्या संशोधन केंद्राकडे गेली.

ही गोष्ट सहसा कौतुकाची म्हणून सांगितली जाते. तिच्यात दुसरी गोष्ट दडलेली आहे. गाडी चालत होती, वळत होती, माणसं वाहत होती, तरी रस्त्यावरची जागा तिला मिळाली नाही. शेवटी ती मांडून ठेवण्याच्या जागी गेली. असं का झालं, ते शेडमध्ये पहिला नट सोडायच्या आधी समजून घ्यायला हवं.

आधी सातबारा

जमिनीला सातबारा असतो तसा गाडीला चॅसिस नंबर. सांगाड्याच्या मानेवर, म्हणजे हँडलचा दांडा जिथून जातो त्या नळीवर किंवा तिच्या आसपास, तो ठोकलेला असतो. इंजिनवर इंजिन नंबर असतो. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या दाखल्यावर, हे दोन्ही नंबर एकत्र लिहिलेले असतात. बीडची गाडी असेल तर एमएच-२३, नगरची असेल तर एमएच-१६. पण पाटी बदलता येते, मूळ ओळख त्या ठोकलेल्या आकड्यांतच.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम ३९ सांगतं की नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक जागी चालवायची नाही. कलम ५२ सांगतं की आरसीतला तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलापासून हटेल असा फेरफार मालकाने करायचा नाही. या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या, केरळातून आलेल्या एका प्रकरणाच्या निकालात पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यातलं १८२-अ हे कलम नव्याने लिहिलं गेलं. बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

यातून उमापूरच्या शेडसाठी दोन सरळ वाटा निघतात. पहिली वाट जुन्याला जिवंत करण्याची. ज्याचा चॅसिस नंबर शाबूत आहे, ज्याची आरसी विकणाऱ्याच्या हातात आहे, असा एक सांगाडा घ्यायचा. त्यावर त्याच मॉडेलचे सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करून बसवायचे. इंजिन बदलायचंच असेल तर आधी आरटीओची परवानगी आणि मागून आरसीवर नोंद. पंधरा वर्षं उलटलेली असतील तर गाडी तपासून घेऊन नोंदणीचं नूतनीकरण. दुसरी वाट नव्याने सांगाडा वाकवण्याची, पाहिजे ते इंजिन पाहिजे तिथे बसवण्याची. ती गाडी शेताच्या बांधाच्या आतच चालवायची. कारखानदार नवं मॉडेल काढतो तेव्हा त्याचा नमुना पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई यांच्यासारख्या संस्थेकडून पास करून घेतो. शेडमधल्या एकुलत्या एका गाडीला त्या दारातून जाणं जवळपास अशक्य.

दुसरी वाट कमी दर्जाची नाही. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळियाचे मनसुखभाई जगानी यांनी १९९० च्या दशकात बुलेटचं मागचं चाक काढलं, तिथे दोन चाकं आणि औतं जोडायचा साचा बसवला. दुष्काळात बैल पोसणं परवडत नव्हतं आणि मजूर मिळत नव्हते, त्यातून हे सुचलं. बुलेट सांती नावाने ते यंत्र गाजलं आणि त्याला अमेरिकेतलं पेटंटही मिळालं. कपाशीच्या सरीत कोळपं ओढणारी मोटरसायकल ही गेवराईच्या रानाला अनोळखी कल्पना नाही. तिथे कलम ३९ आडवं येत नाही, कारण ती रस्त्यावर येतच नाही.

भंगारवाल्याकडून इंजिन घेताना एक पावती मागावी. “दादा, एवढ्याशा इंजिनाला कशाला पावती?” असं तो म्हणेल. तरी मागावी. नंबर घासलेला असेल, किंवा त्यावर वेल्डिंगचा लपका दिसला, तर कितीही स्वस्तात मिळो, हात जोडून निघावं. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खालचा गुन्हा आहे.

एकाच मापाची दोन इंजिनं

भंगारात सगळ्यात जास्त दिसतात ती शंभर सीसीची इंजिनं. त्यांचा काळ १९८५ ला सुरू झाला. त्या वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली आणि यामाहाची आरएक्स १०० सुद्धा. दोन्हींच्या सिलिंडरचा बोअर ५० मिलीमीटर. सीडीचा स्ट्रोक ४९.५, आरएक्सचा ५०. गणित केलं तर एक ९७ सीसीचं आणि दुसरं ९८ सीसीचं. भंगारवाल्याच्या हातात दोन्ही पिस्टन ठेवले तर त्याला ते भाऊभाऊ वाटतील. पण सीडीची ताकद सात-साडेसात अश्वशक्ती, आरएक्सची अकरा.

कारण स्ट्रोकच्या मोजणीत आहे. सीडीचं इंजिन चार स्ट्रोकचं. हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं यासाठी क्रँकचे दोन फेरे लागतात. आरएक्स दोन स्ट्रोकचं, तिथे प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते. मग ताकद दुप्पट का नाही? कारण दोन स्ट्रोकमध्ये ताजा माल आत येतो तेव्हाच जळका माल बाहेर जात असतो, आणि ताज्यातला काही भाग त्याच्या मागोमाग निघून जातो. पेट्रोलही जास्त लागतं आणि धूरही जास्त होतो.

आरएक्सचा सायलेन्सर पोटाकडे फुगीर आणि शेपटीकडे निमुळता असतो, त्याचं कारण हेच. बाहेर पडलेली दाबाची लाट निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि निसटू पाहणारा ताजा माल पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. हौशी माणूस आवाजासाठी तो सायलेन्सर काढून सरळ नळी लावतो. आवाज वाढतो, ताकद घटते आणि पोलिसांचं लक्ष वेधलं जातं ते वेगळंच.

भंगारातलं इंजिन घरी आणल्यावर ते तपासायचं कसं? प्लग काढून त्या भोकावर अंगठा दाबून किक मारावी. अंगठा फेकला गेला तर दाब आहे. नुसता फुसफुसला तर रिंगा गेल्या, वॉल्व्ह गळतो किंवा हेडची गॅस्केट फाटली. मग हेड आणि सिलिंडर उतरवून कनेक्टिंग रॉड धरावा. बाजूला थोडा हलतो ते चालतं. वर-खाली किंचितही टकटक लागली तर खालची बेअरिंग संपलेली असते आणि क्रँक उघडावाच लागतो. गॅरेजच्या भाषेत सांगायचं तर हाफ इंजिनचं काम फुल इंजिनवर गेलं.

सिलिंडर झिजला असेल तर तो लेथवाल्याकडून रिबोअर करून मोठा पिस्टन घालतात. मोठे पिस्टन पाव मिलीमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात: ५०.२५, ५०.५०, ५०.७५, ५१. शेवटच्या पायरीला सीडीचं इंजिन १०१ सीसीचं होतं. आधी पिस्टन विकत आणावा आणि तो लेथवाल्याच्या हातात द्यावा. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मिलीमीटरच्या शंभर भागांतले तीन-चार भाग, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आधी बोअर करून मागून पिस्टन शोधला तर एवढी बारीक फट नशिबावर सोडावी लागते. फट कमी पडली तर गरम झाल्यावर पिस्टन फुगून जागीच अडकतो, मागचं चाक जाम होतं, आणि हे नेहमी गाडी जोरात असतानाच घडतं.

दोरी, गुण्या, ओळंबा

आता सांगाडा. इथे गावातल्या माणसाकडे अशी हत्यारं असतात जी शहरातल्या हौशी माणसाला विकत आणावी लागतात. गवंड्याची दोरी, गुण्या आणि ओळंबा.

मोटरसायकल हात सोडूनही काही काळ सरळ जाते. त्याचं एक मोठं कारण समजायला बाजारातल्या भेळेच्या गाड्याचं फिरतं चाक पाहावं. गाडा पुढे ढकलला की ते चाक आपोआप आपल्या खिळीच्या मागे येऊन राहतं. मोटरसायकलच्या पुढच्या चाकाचं तसंच आहे. हँडलचा दांडा तिरका असतो, साध्या गाड्यांत उभ्या रेषेपासून साधारण २५ ते २८ अंश. त्या तिरक्या रेषेला जमिनीपर्यंत लांबवलं तर ती चाक जिथे टेकतं त्याच्या थोडी पुढे जमिनीला लागते. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. साध्या प्रवासी गाडीत ते ८० ते १०० मिलीमीटरच्या आसपास असतं. ट्रेल कमी झाला तर वेगात हँडल थरथरतं. फार वाढला तर गल्लीत वळताना गाडी हट्टी बैलासारखी मान वळवत नाही.

हे मोजायला यंत्र लागत नाही. गाडी सरळ उभी करावी, दांड्याच्या रेषेत दोरी ताणून जमिनीवर खूण करावी. चाकाच्या एक्सलच्या मध्यातून ओळंबा सोडून दुसरी खूण करावी. मधलं अंतर पट्टीने मोजावं. अठरा इंची चाकाच्या जागी सतरा इंची बसवलं, किंवा दुसऱ्या गाडीचा आखूड फोर्क लावला, की पुढचा भाग खाली बसतो आणि ट्रेल कमी होतो. जोडणारा म्हणतो, “बसला की!” फोर्क बसला हे खरं. ट्रेल किती राहिला, ते दोरी सांगेल.

दुसरी परीक्षा दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का याची. मागच्या टायरला मागून दोरीचा वेढा घालावा, दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणून न्यावीत. पुढचा टायर बारीक असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना फट दिसेल. ती सारखी असली पाहिजे. एका बाजूला चार मिलीमीटर आणि दुसऱ्या बाजूला बारा असेल तर मागचा चिमटा वाकडा आहे, किंवा चाकाचे बुश चुकीचे लावलेत, किंवा सांगाडाच अपघातातला आहे. भंगारातला सांगाडा अपघातातला असण्याची शक्यता नेहमी धरावी. गाडी भंगारात आली, त्याला काहीतरी कारण झालंच असेल.

आधी कच्चे टाके

वेल्डिंगला बसलेला माणूस गोधडी शिवणाऱ्या आजीकडून एक गोष्ट शिकू शकतो. आजी कापडाचे तुकडे आधी कच्च्या टाक्यांनी जोडते, अंथरून पाहते, सुरकुत्या काढते आणि मगच पक्की शिलाई घालते. वेल्डरही त्याला टाकाच म्हणतो. नळ्या जागेवर धरून चारही बाजूंना एकेक टाका मारावा, दोरीने आणि गुण्याने पाहावं, चुकलं असेल तर टाका ग्राइंडरने उडवून पुन्हा मारावा. पूर्ण वेल्ड झाल्यावर ही सोय उरत नाही.

याचं कारण लोखंडाच्या स्वभावात आहे. एक मीटर लोखंडी नळी शंभर अंशांनी तापली की साधारण १.२ मिलीमीटर लांबते. वेल्डच्या जागी तापमान हजाराच्या वर जातं, आणि निवताना तो भाग आखडतो आणि नळीला स्वतःकडे ओढतो. एकाच बाजूने सलग वेल्ड मारला तर सांगाडा त्या बाजूला वाकणारच. म्हणून थोडं इकडे, थोडं समोरच्या बाजूला, आणि मध्ये हात थांबवून निवू देणं. नळीचं टोक दुसऱ्या नळीवर टेकवताना ते माशाच्या तोंडासारखं अर्धगोल कापून घ्यावं. फट लोखंडाने बुजवलेला जोड दिसायला भरीव असतो, पण आतून तो पोकळ पुरणाचा कानवला.

तीन धोके इथे स्पष्ट सांगायला हवेत. पहिला, नळाची जीआय पाईप सांगाड्याला वापरू नये. तिच्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगच्या उष्णतेने वाफ होऊन छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. दुसरा, वेल्डिंगचा उजेड. त्यातल्या अतिनील किरणांनी डोळ्याचा वरचा पडदा भाजतो आणि मध्यरात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होतं. आर्कसाठी दहा किंवा अकरा नंबरची काच हवी, गॉगल चालत नाही. तिसरा धोका सगळ्यात मोठा: पेट्रोलची टाकी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. हवेत पेट्रोलची वाफ दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असली की ती ठिणगीने स्फोटासारखी पेटते, आणि रिकाम्या टाकीत नेमकी तेवढी वाफ सापडते. ती वाफ हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीवर पसरून कोपऱ्यातल्या ग्राइंडरपर्यंतही पोचते. भोक पडलेली टाकी घरी वेल्ड करायला घेऊ नये. हे काम रोज करणारे टाकी आधी धुऊन पाण्याने भरतात, ते उगीच नाही.

साखळी

साखळीवर ४२८ असा आकडा असतो. त्यातला पहिला ४ म्हणजे एका कडीच्या पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर चार अष्टमांश इंच, म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलीमीटर. ५ ने सुरू होणाऱ्या साखळीत हेच अंतर पाच अष्टमांश इंच. दोन्ही दातेरी चक्रं आणि साखळी एकाच आकड्याची असावी लागतात. थोडं घासून बसवतो म्हटलं तर थोड्याच दिवसांत दात खाल्ले जातात.

पुढच्या चक्राला १४ दात आणि मागच्याला ४२ असतील तर प्रमाण तिनाला एक. पुढे १५ दातांचं चक्र लावलं तर प्रमाण २.८ होतं. इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी सात टक्के जास्त पळते, आणि चढावर तितकीच ओढ कमी पडते. पुढे १३ लावलं तर उलटं. शेतात कोळपं ओढायचं तर १३, रस्त्यावर जायचं तर १५, इतकं सोपं. अवघड आहे ती रेषा. पुढचं आणि मागचं चक्र एकाच पातळीत असलं पाहिजे. दुसऱ्या गाडीचं चाक बसवताना आतले बुश चार मिलीमीटर लांब पडले तरी साखळी तिरकी चालते. सरळ पट्टी मागच्या चक्राला चिकटवून पुढे न्यावी, ती पुढच्या चक्राच्या तोंडाला सपाट लागली पाहिजे. नसेल तर टर्नरकडून बुश कातून आणावेत. कातायला टर्नरला अर्धा तास लागतो. मोजायला आपल्याला अख्खी दुपार लागते, आणि ती दुपार सत्कारणी लागते.

थांबण्याचं गणित

भंगारातली गाडी पळते की नाही हे लगेच कळतं. थांबते की नाही हे एकदाच कळतं. ताशी ३० किलोमीटरने जाणाऱ्या माणसाला समोर म्हैस दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी तेवढ्यात आठ मीटर पुढे जाते आणि ठीकठाक ब्रेक असतील तर आणखी सात मीटरवर थांबते. एकूण पंधरा मीटर. वेग ताशी ६० केला तर हेच अंतर चव्वेचाळीस मीटर होतं. वेग दुप्पट झाला, पण थांबण्याचं अंतर जवळपास तिप्पट झालं, कारण प्रत्यक्ष ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. म्हणून शंभर सीसीच्या सांगाड्यात मोठं इंजिन घालणाऱ्याने त्याच दिवशी ब्रेकचाही विचार करावा. ब्रेकची लायनर ही भंगारातून न घेण्याची वस्तू. टायर, ट्यूब, ब्रेकची केबल आणि पेट्रोलची नळी त्याच यादीत.

वायरिंगमध्ये एक जुना सापळा आहे. बऱ्याच जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या, नंतरच्या १२ व्होल्टच्या. ३५ वॅटच्या दिव्याला १२ व्होल्टवर साधारण तीन अँपिअर प्रवाह लागतो, ६ व्होल्टवर सहा. म्हणजे जुन्या गाडीला जाड वायर हवी. घरातली बारीक वायर लावली तर ती तापते, आवरण वितळतं आणि टाकीखाली ठिणगी पडते. बॅटरीपासून निघाल्या निघाल्या पहिल्या वायरवर फ्यूज हवा. वायर सांगाड्याला जिथे घासेल तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा.

तपासणारा

गाडी उभी राहिली. आता व्हीआरडीईची भूमिका घरातल्याच कुणीतरी घ्यायची आहे. शक्य असेल तर गाडी ज्याने बांधली त्याने ती तपासू नये. गावातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला बोलवावं. त्याच्यासमोर काही लपवू नये, आणि त्याने “हे काय केलंस रे?” म्हटलं तर रागावू नये.

पहिल्यांदा गाडी स्टँडवर चालवावी. तेल गळतं का, साखळी एका जागी ताणली जाते आणि दुसऱ्या जागी सैल पडते का, चाकाचा आऊट राहिलाय का, हे पाहावं. मग मोकळ्या रानात, हेल्मेट घालून, पहिल्या गिअरमध्ये. पुढचा ब्रेक वेगळा, मागचा वेगळा. पन्नास किलोमीटर झाल्यावर प्रत्येक नट पुन्हा आवळावा, कारण नवे जोड सुरुवातीला दबून बसतात आणि आवळलेलं सैल होतं.

कारखान्यात प्रत्येक महत्त्वाचा नट आवळल्यावर त्याच्यावरून आणि शेजारच्या लोखंडावरून रंगाची एक सरळ रेघ ओढतात. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. वाळूजला त्यासाठी खास रंगाचे पेन असतात. शेडमध्ये बहिणीची लाल नेलपॉलिश पुरते. रात्री एक्सल, हँडल, इंजिनचे बोल्ट, ब्रेकची दांडी यांच्यावर रेघा ओढून झोपायचं. दुसऱ्या दिवशी रानात दोन फेऱ्या मारायच्या आणि संध्याकाळी बॅटरी घेऊन त्या रेघा पाहायच्या. एक जरी तुटलेली दिसली तर नट पुन्हा आवळायचा, नवी रेघ ओढायची, आणि पुन्हा दोन फेऱ्या. सगळ्या रेघा सलग दोन दिवस जशाच्या तशा राहिल्या की मगच बहिणीची बाटली परत करायची.